श्वानविम्याची थट्टा करण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

महोदय,

आपल्या दैनिकाच्या याच सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र वाचले. माणसांची इस्पितळाची बिले मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात आणि इकडे लोक कुत्र्यांचे विमे उतरवू लागले आहेत, हा पैशाचा माज आहे, असा त्या पत्राचा एकूण सूर होता. पत्रलेखकांची भाषा झणझणीत होती आणि खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः असेच पत्र लिहिले असते, कदाचित याहून तिखट. दरम्यानच्या काळात आमच्या घरच्या कुत्र्यासाठी घेतलेल्या विम्याचा प्रत्यक्ष अनुभव आला आणि तो चांगला आला. विमा कंपन्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत भरपूर येतात, चांगला अनुभव मात्र कोणी लिहून कळवत नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिची जाहिरात करण्याचा माझा हेतू नाही.

विम्याविषयी माझ्या मनात जी अढी होती तिचे मूळ आधी सांगितले पाहिजे. माझी एकतीस वर्षांची नोकरी बँकेच्या शेतीकर्ज विभागात, त्यातही बहुतेक सातारा आणि सांगली जिल्ह्यांत झाली. कर्जावर घेतलेल्या गाईम्हशीचा विमा उतरवणे आमच्याकडे सक्तीचे असे. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, त्याचा क्रमांक विमापत्रावर लिहायचा आणि जनावर दगावले तर पशुवैद्यकांचा शवविच्छेदनाचा दाखला, पंचनामा आणि तो बिल्ला असे सगळे कंपनीकडे पाठवायचे, अशी पद्धत होती. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे वाक्य त्या खात्यात काम केलेल्या प्रत्येकाच्या कानावरून शेकडो वेळा गेलेले असते. माण तालुक्यातल्या एका विधवा बाईंची संकरित गाय ओले लसूणघास खाऊन पोट फुगून रात्रीत गेली. गाईचा बिल्ला आठ दिवसांपूर्वीच बाभळीच्या काटवणात ओरबाडून पडला होता आणि तो पडल्याचे कंपनीला कळवून नवा मारून घ्यायचा असतो, हे त्या बाईंना कोणी सांगितले नव्हते. दावा फेटाळला गेला, कर्ज मात्र त्यांच्या नावावर तसेच राहिले. मी कंपनीला तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही पत्रांना एकाच मजकुराचे उत्तर आले. त्या दिवसापासून विमा म्हणजे हप्ता घेताना हसणारा आणि दाव्याच्या वेळी चष्मा पुसत बसणारा माणूस, अशी माझी समजूत पक्की झाली होती.

त्यामुळे माझ्या मुलीने जेव्हा आमच्या गुंड्याचा विमा उतरवायचा विषय काढला तेव्हा मी तो उडवून लावला. गुंड्या हा लॅब्राडॉर जातीचा कुत्रा, तेव्हा तीन वर्षांचा, वजन चौतीस किलो, आणि भूक मात्र वजनाशी न जुळणारी. ही जात खादाड असते हे पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही, पण त्यालाही शास्त्रीय कारण आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ आणि वजन दोन्ही अधिक असतात. गुंड्याची तपासणी आम्ही केलेली नाही, करण्याची गरजही नाही. त्याने लहानपणी, आठ महिन्यांचा असताना, माझा लोकरी पायमोजा अख्खा गिळला होता. डॉक्टरांनी उलटीचे इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत तो परत आला. पायमोजा धुऊन वापरण्याजोगा होता, असे माझी पत्नी अजूनही सांगते.

या पायमोज्यावरूनच विम्याचे प्रस्तावपत्र भरताना घरात वाद झाला. ‘यापूर्वी प्राण्यावर कोणत्याही आजारासाठी अथवा अपघातासाठी उपचार झाले आहेत का?’ या रकान्यात मुलगी पायमोज्याची हकीकत लिहू लागली, तेव्हा मी तिला अडवले. एवढी बारीकसारीक गोष्ट लिहून कंपनीच्या हातात आपणच कोलीत कशाला द्यायचे, असे माझे म्हणणे होते. तिचे म्हणणे असे की विमा हा परम सद्भावाचा करार असतो, आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे सांगितले पाहिजे आणि त्यातले महत्त्वाचे काय ते कंपनीने ठरवावे. शब्द माझ्याच तोंडचा होता, बँकेच्या परीक्षेसाठी मीच तो पाठ केला होता, आणि तो मला मुलीकडून ऐकावा लागला. तिने तारखेसह सगळे लिहिले आणि त्या वेळच्या केसपेपरची प्रत जोडली. तो केसपेपर सापडला याचे श्रेयही तिचेच, कारण गुंड्या घरी आला त्या दिवसापासून तिने त्याची एक फाइल केली आहे. तीत लसीकरणाचे पुस्तक, जंताच्या औषधांच्या तारखा, महापालिकेचा परवाना आणि त्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली बसवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक, हे सगळे एका जागी असते. गावाकडच्या जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर आता बारा आकडी क्रमांक असतो. कुत्र्याचा क्रमांक पंधरा आकडी आणि कातडीखाली, म्हणजे बाभळीने ओरबाडून नेण्याची भीती नाही, एवढाच काय तो फरक. तत्त्व तेच, की ज्याचा विमा उतरवला ते जनावर हेच, हे नंतर सिद्ध करता आले पाहिजे.

वार्षिक हप्ता सहा हजार चारशे रुपये होता आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे अकराशे बावन्न रुपये, असे एकूण सात हजार पाचशे बावन्न रुपये झाले. शस्त्रक्रिया आणि दाखल करून घ्यावे लागणारे उपचार यांसाठीची विमा रक्कम पन्नास हजार होती, मंजूर होणाऱ्या रकमेतला दहा टक्के वाटा आमच्या खिशातून जाणार होता, आणि आजारपणासाठी सुरुवातीच्या काही दिवसांचा प्रतीक्षा कालावधी होता. विमापत्र हातात आल्यावर मी ते बँकेतल्या सवयीने शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली, कारण कंपनी काय देणार नाही हे तिथे लिहिलेले असते. आधीपासूनचे आजार, जन्मजात व्यंगे, लस टोचून घेतली असती तर टळले असते असे रोग, प्रजननासाठी किंवा शर्यतीसाठी कुत्रा वापरल्यास त्यातून उद्भवलेले नुकसान, असे अपवाद होते. त्यांत अन्याय्य असे मला काही वाटले नाही. लस न टोचता पार्वो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या उपचाराचे पैसे मागणे म्हणजे कुलूप न लावता चोरीचा दावा करण्यासारखेच आहे. पहिले वर्ष काहीही न होता गेले आणि साडेसात हजार रुपये पाण्यात गेल्याचे मी घरात चार वेळा बोलून दाखवले. नूतनीकरण मुलीने मला न विचारता करून टाकले.

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी, आमच्याकडे आमरसाचा बेत होता. दोन डझन हापूस पिळून झाल्यावर कोयी आणि साली ओट्याखालच्या बादलीत टाकल्या होत्या. पाहुणे जेवत असताना गुंड्याने त्या बादलीचा समाचार घेतला. साली चघळलेल्या दिसल्या, पण कोयी मोजून कोण ठेवतो? सोमवारी सकाळी त्याने दोनदा उलटी केली. आंबा बाधला असेल म्हणून आम्ही त्याला उपाशी ठेवले. दुपारी त्याने पाणी प्यायले आणि तेही बाहेर आले. मंगळवारी सकाळपासून त्याने शी केली नव्हती आणि संध्याकाळी तो विचित्र रीतीने उभा राहू लागला, म्हणजे पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून छाती खाली आणि मागचा भाग उंच, जणू कोणाला साष्टांग नमस्कार घालायला निघाला आहे. मला क्षणभर हसू आले. मुलीला आले नाही. पोटात तीव्र कळा येणारी कुत्री अशी उभी राहतात हे तिने कुठे तरी वाचले होते आणि तिने तडक गाडी काढली.

डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती जागेवर परत जायला वेळ लागला. हिरड्यांना बोट लावले तर त्या चिकट लागल्या. अंगातले पाणी कमी झाले आहे, आधी सलाइन लावू या, असे ते म्हणाले. क्ष-किरण चित्रात वायूने फुगलेल्या आतड्याची वेटोळी दिसत होती, पण कोय दिसत नव्हती, कारण हाड किंवा धातू जसा त्या चित्रात उठून दिसतो तशी कोय दिसत नाही. सोनोग्राफीत मात्र लहान आतड्यात अडकलेली वस्तू आणि तिच्यामागची काळी सावली स्पष्ट दिसली. पोटात असती तर दुर्बिणीने वरून काढण्याचा प्रयत्न करता आला असता, आतड्यात उतरल्यावर तो मार्ग बंद होतो. अडथळा तसाच राहिला तर त्या जागी आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो आणि मग नुसते आतडे उघडून शिवण्याऐवजी तो भाग कापून टाकून दोन टोके जोडावी लागतात, ज्यात धोका आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून शस्त्रक्रिया रात्रीच करावी असे डॉक्टरांचे मत पडले आणि खर्चाचा अंदाज त्यांनी पंचेचाळीस ते पंचावन्न हजार सांगितला.

आता या ठिकाणी मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायची आहे. मी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस आहे. मुलगी मिळवती असली तरी तिच्यावर घराचा हप्ता आहे. विमा नसता तर आम्ही गुंड्याची शस्त्रक्रिया केली नसती असे मी म्हणणार नाही, पण ‘सकाळपर्यंत वाट पाहू, कदाचित आपोआप पडेल’ हे वाक्य माझ्या तोंडून नक्की आले असते. ते त्या रात्री आले नाही. मी नुसते ‘करा’ म्हटले. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ त्यांची म्हातारी पामेरियन कुत्री मांडीवर घेऊन बसले होते. आत जाऊन आल्यावर त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या मुलीला अगदी हलक्या आवाजात विचारले, ‘यातली कोणती तपासणी नाही केली तरी चालेल?’ असा प्रश्न मी बँकेत असताना गाईच्या औषधांबद्दल शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, तोच हलका आवाज, तीच खाली घातलेली नजर.

शस्त्रक्रिया रात्री साडेअकराला संपली. स्टीलच्या ट्रेमध्ये ती कोय ठेवून डॉक्टरांनी आम्हाला दाखवली. धागे निघालेली, हिरवट पडलेली, माझ्या अंगठ्याहून थोडी लांब. आतड्याचा रंग अजून गुलाबी होता, त्यामुळे कापून जोडण्याची वेळ आली नव्हती. गुंड्या तीन दिवस दवाखान्यात होता, बाराव्या दिवशी टाके निघाले, आणि तोवर गळ्यात प्लास्टिकचे ते नरसाळे घालून तो घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर आदळत हिंडला.

आता दाव्याविषयी, कारण पत्र त्यासाठीच आहे. आमच्या विमापत्रातील अटीप्रमाणे दाखल केल्यापासून चोवीस तासांच्या आत कंपनीला कळवायचे होते. मुलीने शस्त्रक्रिया चालू असतानाच बाहेरच्या बाकावरून फोन करून दाव्याचा क्रमांक घेतला. या दवाखान्यात कंपनीने परस्पर बिल भागवण्याची सोय नव्हती, तेव्हा पैसे आधी आम्ही भरले. एकूण बिल अठ्ठेचाळीस हजार सहाशे पन्नास रुपये झाले. त्यात शस्त्रक्रिया आणि भूल यांचे चोवीस हजार, क्ष-किरण, सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांचे सात हजार चारशे, तीन दिवस ठेवून घेण्याचे साडेसात हजार, औषधे आणि सलाइनचे सहा हजार नऊशे पन्नास, पथ्याच्या डबाबंद खाद्याचे एकवीसशे आणि त्या नरसाळ्याचे सातशे होते. टाके निघाल्यावर सगळी कागदपत्रे एकत्र पाठवली. नवव्या दिवशी कंपनीचे पत्र आले आणि ते उघडताना माण तालुक्यातल्या त्या बाई मला आठवल्या, हे कबूल करतो. पत्रात विचारले होते की प्रस्तावपत्रात नमूद केलेल्या पायमोजा गिळण्याच्या घटनेनंतर आतड्याची काही तक्रार राहिली होती का आणि त्याबाबत उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांचे मत काय आहे.

मी मुलीकडे ‘बघ, सांगत होतो’ अशा नजरेने पाहिले. तिने फाइल काढली. पायमोज्याच्या वेळच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘उलटीवाटे संपूर्ण वस्तू बाहेर, पोट मऊ, पुढील उपचारांची गरज नाही’ असे लिहिलेले होते आणि त्यानंतरच्या दोन्ही वार्षिक तपासण्यांत पचनाची काहीही तक्रार नसल्याची नोंद होती. आत्ताच्या डॉक्टरांनी चार ओळींचे पत्र दिले की ही घटना स्वतंत्र असून जुन्या घटनेशी तिचा वैद्यकीय संबंध नाही. एवढे पाठवले आणि शंका मिटली. विचार करा, आम्ही तो पायमोजा लपवला असता आणि लसीकरणाच्या पुस्तकात मागे कुठे तरी त्याची नोंद कंपनीला सापडली असती, तर माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला असता आणि तिला दोष देता आला नसता. जे कोलीत आपण कंपनीच्या हातात देतो आहोत असे मला वाटले होते, त्यानेच आमची वाट उजळली. माझी एकतीस वर्षांची हुशारी या बाबतीत माझ्या मुलीच्या सरळपणापुढे फिकी पडली, हे मी घरात अजून मोठ्याने म्हटलेले नाही, वर्तमानपत्रात म्हणत आहे.

कागदपत्रे दिल्यापासून एकोणिसाव्या दिवशी एक्केचाळीस हजार दोनशे पासष्ट रुपये खात्यात जमा झाले. सोबतच्या पत्रकात हिशेब पैन्‌पै होता. खाद्य आणि नरसाळे यांचे मिळून अठ्ठावीसशे वगळले होते, उरलेल्या पंचेचाळीस हजार आठशे पन्नासमधून आमचा दहा टक्के वाटा म्हणजे चार हजार पाचशे पंच्याऐंशी वजा केले होते. दोन वर्षांत आम्ही हप्त्यांपोटी पंधरा हजार एकशे चार रुपये भरले होते. एकही माणूस भेटायला आला नाही, कोणाला चहा पाजावा लागला नाही. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दावा, अर्थात दुसऱ्या कंपनीकडचा, मंजूर व्हायला चार महिने आणि असंख्य फोन लागले होते. पत्रलेखक वाचकांची चीड मला म्हणूनच समजते. पण त्या चिडीचे उत्तर माणसांच्या विम्याचा कारभार सुधारणे हे आहे. कुत्र्याचा दावा एकोणीस दिवसांत मिटला म्हणून माणसाचा अडला, असे काही नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे चोचले आहेत आणि समाजाला त्याचा काय उपयोग. यावर दोन गोष्टी मांडतो. पहिली, या विम्यात सरकारचा एक पैसाही नाही. गाईम्हशींच्या विम्याला सरकार हातभार लावते आणि तो लावलाच पाहिजे. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ साली पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला, बाकीचा केंद्र आणि राज्य मिळून भरतात. घरच्या कुत्र्यासाठी असे काही कोणी मागितलेले नाही. उलट पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर वस्तू व सेवा कर नाही, आणि त्याच उपचारांसाठी आधीपासून तरतूद करणाऱ्याला मात्र हप्त्यावर १८ टक्के भरावे लागले, अशी आमच्या पावतीची स्थिती होती. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या हिताची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या विमापत्रात त्रयस्थाच्या नुकसानीचे एक कलम आहे. आपल्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला किंवा त्याच्यामुळे कोणी दुचाकीवरून पडले आणि मालकावर कायदेशीर भरपाईची जबाबदारी आली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती कंपनी देते. निष्काळजीपणाने प्राणी मोकळा सोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे आणि त्याचा दंड कोणतीही कंपनी भरणार नाही, तो भरूही नये. पण जखमी माणसाच्या उपचारांचा खर्च हा वेगळा प्रश्न आहे. आज सोसायट्यांमध्ये चाव्यावरून जी भांडणे होतात त्यांतली निम्मी इंजेक्शनांचे पैसे कोणी द्यायचे यावर अडलेली असतात, असे आमच्या गृहरचना संस्थेच्या सचिवपदाच्या पाच वर्षांत मी पाहिले. कुत्रा पाळणाऱ्याकडे असा विमा असणे हे न पाळणाऱ्याच्याही फायद्याचे आहे.

माझी भाची स्टॉकहोमला असते. तिच्याकडे कुत्र्यांचा विमा ही दुचाकीच्या विम्याइतकी सामान्य गोष्ट आहे आणि त्याचे एक कारण नोंदणीत आहे, असे तिच्याशी बोलताना लक्षात आले. स्वीडनमध्ये २००१ पासून प्रत्येक कुत्र्याला ओळखखूण आणि सरकारी नोंद सक्तीची आहे, २०२३ पासून मांजरांनाही. कोणता प्राणी कोणाचा हे आधीच पक्के असले की विमा कंपनीचे अर्धे काम झालेले असते. आपल्याकडे महापालिकांचे श्वानपरवाने आहेत, पण किती कुत्र्यांचे काढले जातात हे आपापल्या गल्लीत विचारून पाहावे.

सगळे आलबेल आहे असेही नाही. आमच्या विमापत्राची भाषा इंग्रजी, आणि तीही वकिली इंग्रजी. माणसांच्या आरोग्यविम्यात १ जानेवारी २०२४ पासून सोप्या शब्दांतले ग्राहक माहितीपत्रक द्यावे लागते आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळते. तसे एक पान मराठीत प्राण्यांच्या विम्यालाही जोडायला काय हरकत आहे? वयाची अट हा दुसरा काच आहे. ठरावीक वय उलटलेल्या कुत्र्याचा नव्याने विमा उतरवत नाहीत, म्हणजे त्या बाकावरच्या गृहस्थांना त्यांच्या म्हाताऱ्या पामेरियनसाठी आता काही करता येणार नाही. मोठ्या जातींमध्ये आढळणारा खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आमच्या विमापत्रात जन्मजात म्हणून वगळला आहे, आणि लॅब्राडॉर पाळणाऱ्याला नेमकी त्याचीच धास्ती असते. ज्यांना विमा घ्यायचा आहे त्यांनी हे कलम आधी पाहावे. हप्ता किती यापेक्षा आपला दहा टक्के वाटा नेमका कशावर मोजणार, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या त्यात धरणार का, हे विचारावे. आणि दवाखान्यातून निघताना चिपचा क्रमांक प्रत्येक कागदावर लिहून घेतला आहे ना, पहिले लक्षण कधी दिसले ती तारीख आणि वेळ डॉक्टरांनी नोंदवली आहे ना, हे तिथल्या तिथे तपासावे. आमच्या दाव्यातला सगळ्यात निर्णायक कागद म्हणजे दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला उपचारांचा सारांश होता. पशुवैद्यक मंडळींना माझी यासाठी हात जोडून विनंती आहे, कारण ‘उलट्या, सलाइन, बरे वाटले’ एवढ्या चार शब्दांच्या केसपेपरवर कोणताही दावा उभा राहणार नाही.

प्राण्यांवरचे उपचार आता पूर्वीचे राहिलेले नाहीत हेही या चर्चेत धरले पाहिजे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, त्याच परिसरात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचे लहान प्राण्यांसाठीचे प्रशस्त रुग्णालय सुरू झाले. पूर्वी आतड्यात कोय अडकली हे कळतच नसे, कुत्रे चार दिवस कोपऱ्यात पडून राही आणि ‘काही तरी खाल्ले असेल’ म्हणून विषय संपे. आता कळते, दिसते, आणि वेळेवर गेले तर निभावतेही. मात्र या प्रत्येक टप्प्याला यंत्र लागते, भूल देणारा तज्ज्ञ लागतो, रात्रपाळीचा माणूस लागतो, आणि त्याचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतात. ते सगळे एका रात्रीत उभे करण्यापेक्षा दर वर्षी साडेसात हजार बाजूला काढणे मला आता परवडते.

पत्रलेखक वाचकांना माझ्या म्हणण्याची खातरजमा करायची असेल तर दाव्याचे पत्रक, बिले आणि कंपनीची दोन्ही पत्रे, नावे झाकून, आपल्या कार्यालयात पाहण्यासाठी आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे

ता. क. : यंदा आमरसाच्या दिवशी कोयींच्या बादलीवर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवला होता. विमा कंपनीने तशी अट घातलेली नाही.